लाल झेंडा दिसेपर्यंत

खरं खरं सांगा, नवऱ्याची गाडी कुठेतरी घासून आणल्यावर घरी येऊन साळसूदपणे गप्प बसलेल्या आपल्यातल्या किती जणी आहेत? मी आहे. २००१ सालची गोष्ट. दारातली लाल मारुती जेमतेम तीन महिन्यांची आणि माझं लायसन्स चार महिन्यांचं. मंडईतून भाजी घेऊन येताना सोसायटीच्या गेटच्या खांबानं डाव्या दारावर चांगली हातभर रेघ ओढली. (खांबानंच ओढली, असं मी पुढे बरेच दिवस म्हणत होते.) संध्याकाळी नवरा आला. जिना चढून आल्या आल्या विचारलं, "गाडीला काय झालंय?" मी कणीक मळता मळता, मान वर न करता म्हटलं, "अगं बाई! मंडईत कुणीतरी घासून गेलं वाटतं."

तो काही बोलला नाही. मला खाली घेऊन गेला आणि गेटचा खांब दाखवला. पांढऱ्या खांबावर आमच्या गाडीचा लालभडक रंग! आता काय बोलणार?

रागावला नाही हो. पण दुसऱ्या दिवशी मी किल्लीला हात लावला तेव्हा अगदी मऊ आवाजात म्हणाला, "राहू दे गं. मी सोडतो तुला." ओरडला असता तर मी भांडून किल्ली घेतली असती. त्या मऊ 'राहू दे'पुढे मात्र माझं काही चाललं नाही. तेव्हापासून मी गाडीला हात लावला नाही तो लावलाच नाही. लायसन्स मात्र वेळच्या वेळी रिन्यू करत राहिले. का, कोण जाणे!

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे माझी लेक. ती अमेरिकेत साउथ कॅरोलायना राज्यात, ग्रीनव्हिल नावाच्या गावी असते. तिथे गाडीशिवाय पान हलत नाही. कोथिंबीर आणायची तरी गाडी काढा! मी तिच्याकडे गेले तेव्हा तिची रोज भुणभुण, "आई, येताना इंटरनॅशनल परमिट काढून ये म्हटलं होतं ना? घरात कोंडून घेतल्यासारखी काय बसतेस?" मी आपली "नको बाई, इथं सगळंच उलट्या बाजूनं" म्हणून टाळायची. एका रात्री जेवताना तिला ती खांबाची गोष्ट सांगितली. हसता हसता ती म्हणाली, "आई, अगदी अशीच एक बाई याच गावात होऊन गेली. फक्त तिनं नवऱ्याची गाडी घासली नाही, सरळ उलटी केली. आणि पेपरात फोटो आला!"

त्या बाईचं नाव लुईज स्मिथ. अमेरिकेच्या मोटार शर्यतींच्या इतिहासातलं मोठं नाव. मी कधी ऐकलंही नव्हतं. मग लेकीच्या घरी दुपारच्या मोकळ्या वेळात जमेल तेवढं वाचून काढलं. वाचताना किती वेळा एकटीच हसले आणि दोन-तीनदा हातातलं बाजूला ठेवून नुसती बसून राहिले. म्हटलं, ही बाई तुम्हाला भेटवलीच पाहिजे.

लुईजचा जन्म ३१ जुलै १९१६ चा, शेजारच्या जॉर्जिया राज्यातल्या बार्न्सव्हिलचा. वाढली मात्र ग्रीनव्हिलमध्ये. सात वर्षांची असताना तिनं वडिलांची फोर्ड मॉडेल-टी गाडी गुपचूप चालू केली म्हणे. गाडी चालू कशी करायची ते बघून बघून पाठ झालं होतं, पण थांबवायची कशी, ते कुठे माहीत होतं? गाडी जाऊन धडकली ती थेट कोंबड्यांच्या खुराड्यावर.

पुढे तिचं लग्न झालं नोआ स्मिथशी. नोआचं जुन्या गाड्यांचं यार्ड होतं. मोडक्या गाड्या घ्यायच्या, त्यांचे सुटे भाग काढून विकायचे, हा धंदा. म्हणजे घरात पिठाच्या डब्याइतकीच गाडीच्या इंजिनाची ओळख! लुईज गाडी इतकी भन्नाट चालवायची, की गावातल्या पोलिसांना तिला गाठणं अवघड व्हायचं. वेगाची ही अशी ख्याती नवऱ्याच्या गावात मिरवणारी बाई १९४० च्या दशकातल्या अमेरिकेच्या दक्षिण भागात, जिथे बाईनं रविवारी चर्चला जावं आणि परत येऊन सगळ्यांना जेवायला वाढावं अशी अपेक्षा असायची! विचार करा.

आता त्या काळातल्या शर्यतींबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. दक्षिणेच्या डोंगराळ भागात चोरून दारू गाळण्याचा धंदा जोरात होता. १९२० ते १९३३ अमेरिकेत दारूबंदी होती. ती उठली तरी सरकारी कर चुकवण्यासाठी हा धंदा चालूच राहिला. रात्री चांदण्यात दारू गाळायची आणि ती गाडीत भरून, दिवे मालवून, डोंगरातल्या वळणांवरून शहरात पोचवायची. मागे पोलीस लागले तर त्यांच्यापेक्षा जोरात पळता आलं पाहिजे. म्हणून ही पोरं फोर्डच्या व्ही-एट इंजिनात काय काय फेरफार करून ठेवायची. वरून साधीसुधी दिसणारी गाडी आत वाघ असायची. मग रविवारी रिकामपणी कुणाची गाडी जास्त पळते याची पैज लागायची. एखाद्या शेतात गोल वाट आखायची, बाजूला माणसं जमायची. या पैजांतूनच आजची 'नॅस्कार' ही अवाढव्य शर्यत जन्माला आली. म्हणजे मूळ खेळ असा धुळीचा आणि चिखलाचा, हातघाईचा आणि रांगड्या पुरुषांचा.

बिल फ्रान्स नावाचा एक उंचापुरा गृहस्थ या शर्यती भरवायचा. मूळचा मेकॅनिक, स्वतःही शर्यतीत उतरलेला आणि धंद्यात पक्का. १९४६ साली तो ग्रीनव्हिलला शर्यत भरवायला आला. महायुद्ध नुकतंच संपलेलं. लोकांना करमणूक हवी होती, पण तिकिटं खपायची तर काहीतरी जगावेगळं दाखवायला हवं. आपल्याकडे जत्रेत 'मौत का कुआँ'मध्ये बाई मोटरसायकल चालवणार असं भोंग्यावर ओरडलं की गर्दी लोटते ना, तसंच. फ्रान्सनं गावात चौकशी केली, इथं जोरात गाडी चालवणारी कुणी बाई आहे का? सगळ्यांनी एकच नाव सांगितलं.

म्हणजे लक्षात घ्या, लुईजला बोलावलं ते ती चांगली चालवते म्हणून नव्हे. बाई आहे म्हणून. गंमत म्हणून. हरली, रडली, अर्ध्यावर सोडून गेली, तरी तिकिटांचे पैसे वसूल होतेच!

लुईजनं तोवर एकही शर्यत पाहिलेली नव्हती. तिला १९३९ सालची फोर्ड कूप दिली आणि सांगितलं, लाल झेंडा दिसला की थांबायचं. बास. ग्रीनव्हिल-पिकेन्सचा तो अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅक. बाई सुटली ती सुटलीच. शर्यत संपली, चौकटीचौकटीचा काळापांढरा झेंडा फडकला, बाकीचे सगळे गाड्या आवरत्या घेऊन बाहेर पडले, आणि ही एकटीच आपली गरागरा फेऱ्या मारतेय! लोक ओरडतायत, हातवारे करतायत. ही म्हणते, लाल झेंडा कुठाय? शेवटी कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला. लाल झेंडा दाखवला, तेव्हा कुठे ती थांबली. काळ्यापांढऱ्या झेंड्याबद्दल मला कुणी काही सांगितलंच नव्हतं, असं ती पुढे म्हातारपणापर्यंत हसत हसत सांगायची.

आणि हो, त्या शर्यतीत ती तिसरी आली होती!

गंमत म्हणून बोलावलेली बाई तिसरी आली की तिची गंमत उरत नाही. पण हे कळायला पुरुषांना जरा वेळ लागतो. स्वतः लुईजला मात्र एका गोष्टीचा साक्षात्कार झाला होता, आपल्याला हेच करायचंय. तेव्हा तिचं वय तीस. आपल्याकडे तर आजही तिशीतल्या बाईला 'आता काय नवीन शिकणार' असं ऐकवतात.

पुढच्या वर्षीची, १९४७ ची गोष्ट तर अफलातून आहे. नोआनं नवी कोरी फोर्ड कूप घेतली होती. त्या गाडीतून लुईज फ्लोरिडातल्या डेटोना बीचला निघाली. कशाला? नुसती शर्यत बघायला. डेटोनाची शर्यत तेव्हा समुद्रकिनाऱ्यावर व्हायची. जाताना भिजलेल्या वाळूवरून, येताना शेजारच्या डांबरी रस्त्यावरून आणि दोन्ही टोकांना वाळूतली धोकादायक वळणं. भरतीची वेळ बघून शर्यत ठरवायची, म्हणजे किती अजब प्रकार असेल! लुईजनं थोडा वेळ बघितलं असेल. पण नाकासमोर गरम भजी तळली जात असताना आपल्याला नुसतं बघत बसवतं का? तिनं नवऱ्याची नवी गाडी थेट शर्यतीत घातली.

उत्तरेकडच्या वळणावर सात गाड्या एकमेकींवर आदळून पडल्या होत्या. लुईजची गाडी त्यातल्या एकीला धडकली, हवेत उडाली आणि टपावर पडली. तिथल्या पोलिसांनी ती सरळ करून दिली. तुम्ही-मी असतो तर वाळूत बसून भोकाड पसरलं असतं. ही बाई पुन्हा गाडीत बसली आणि तेराव्या नंबरावर शर्यत पुरी केली!

आता प्रश्न घरी जायचा. मोडकी गाडी वाटेतल्या ऑगस्टा गावात ठेवून ती बसनं घरी आली. नोआनं विचारलं, "लुईज, गाडी कुठाय?" ही शांतपणे म्हणाली, त्या खटाऱ्याचं काय सांगू, ऑगस्टाला बंद पडला. नोआनं काही न बोलता पेपर पुढे केला. पहिल्याच पानावर त्याच्या लाडक्या नव्या गाडीचा चक्काचूर झालेला फोटो!

हे मी वाचलं तेव्हा लेकीच्या रिकाम्या घरात मोठ्यांदा हसले. मला माझ्या खांबावरचा लाल रंग आठवला. नवरे सगळीकडचे सारखेच, आणि आपल्या थापाही. फरक पुढेच आहे. माझ्या नवऱ्यानं 'राहू दे' म्हटलं आणि मी राहू दिलं. लुईजच्या घरी नेमकं काय बोलणं झालं ते त्या दोघांना ठाऊक. पण घरच्यांना तिचं हे वेड कधी फारसं पसंत नव्हतं, एवढं नक्की. तरी पुढच्या शर्यतीला लुईज होतीच. त्याच्या पुढच्यालाही.

डिसेंबर १९४७ मध्ये बिल फ्रान्सनं डेटोनाच्या स्ट्रीमलाइन हॉटेलात शर्यतवाल्यांची बैठक घेतली आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये 'नॅस्कार' ही संस्था रीतसर स्थापन झाली. १९४९ मध्ये तिनं 'स्ट्रिक्टली स्टॉक' नावाची मालिका सुरू केली. स्टॉक म्हणजे दुकानातून जशी विकत घेतली तशीच्या तशी गाडी. इंजिनात फेरफार नाहीत, काही नाही. प्रेक्षकाच्या दारात जी गाडी उभी, तीच ट्रॅकवर पळताना दिसणार! १९ जून १९४९ ला शार्लट इथं पहिली शर्यत झाली. त्या पहिल्याच शर्यतीत एक बाई होती, अटलांटाची सारा ख्रिश्चन. आणि १० जुलै १९४९ ला डेटोनाच्या वाळूवर दुसरी शर्यत झाली तेव्हा बायका होत्या तीन. सारा ख्रिश्चन, एथेल मोब्ली आणि आपली लुईज.

या एथेलची गंमत ऐका. तिच्या वडिलांनी तिचं नाव म्हणे 'एथिल' या पेट्रोलच्या नावावरून ठेवलेलं! बॉब, फॉन्टी आणि टिम हे तिचे तिघे भाऊ त्या काळचे नावाजलेले ड्रायव्हर. डेटोनाच्या त्या शर्यतीत चौघंही भावंडं उतरली होती. टिम दुसरा आला. एथेल आली अकरावी, आणि बॉब, फॉन्टी हे दोघे भाऊ तिच्या मागे राहिले. त्या रात्री त्यांच्या घरी जेवताना काय संवाद झाले असतील! मला तर भाऊबीजेचं ताटच डोळ्यांसमोर आलं.

सारा ख्रिश्चनची तर गोष्टच वेगळी. त्याच वर्षी लँगहॉर्नच्या शर्यतीत ती सहावी आली. विजेता कर्टिस टर्नर एवढा खूश झाला, की विजेत्याच्या जागी त्यानं तिला आपल्याबरोबर बोलावून घेतलं. ऑक्टोबरमध्ये पिट्सबर्गजवळच्या हायडलबर्ग ट्रॅकवर ती पाचवी आली. नॅस्कारच्या सर्वोच्च मालिकेत एखाद्या बाईनं मिळवलेला हा सर्वात वरचा क्रमांक. आजही! पंचाहत्तरहून अधिक वर्षं झाली, नंतर किती जणी आल्या, गाड्या कुठल्या कुठे गेल्या, पण पाचव्याच्या वर अजून कुणीही गेलेली नाही.

ते असं का झालं, याचं उत्तर लुईजच्याच पुढच्या आयुष्यात आहे.

१९४९ ते १९५२ या काळात लुईज नॅस्कारच्या या मोठ्या मालिकेत ११ शर्यती धावली. त्याखेरीज गावोगावच्या मातीच्या ट्रॅकवर, फेरफार केलेल्या छोट्या-मोठ्या गाड्यांच्या असंख्य शर्यती. अलाबामापासून कॅनडापर्यंत. आज या गावी, उद्या त्या. एखाद्या तमाशाच्या फडासारखं फिरणं. तेव्हाच्या गाड्यांना पॉवर स्टिअरिंग नव्हतं. खड्ड्याखड्ड्यांच्या मातीत ते जड चाक दोन्ही हातांनी धरून तासन् तास वळवत राहायचं. संध्याकाळपर्यंत खांदे भरून यायचे. अंगावर ढाल म्हणावी असंही फारसं काही नसायचं. शर्यतीत दार उघडू नये म्हणून ते पट्ट्यानं बांधून टाकायचे. आज गाडीत ड्रायव्हरभोवती पोलादी पिंजरा असतो, तसं काही नव्हतं.

आणि माणसं? बाई शर्यतीत आली की पुरुष ड्रायव्हर गोड बोलत असतील असं वाटत असेल तर विसरा. त्यांना मुळात मी तिथं नकोच होते, आणि ट्रॅकवर त्यांनी मला इंचभरही जागा दिली नाही, असं लुईजनं पुढे स्पष्ट सांगितलंय. पण त्याच पुरुषांमध्ये तिला मित्रही मिळाले. बडी शुमन नावाचा ड्रायव्हर त्यातलाच. तिला आठवण विचारली की ती शर्यतीची सांगायची नाही, खाण्याची सांगायची. एकदा दोघांनी खिशातली चिल्लर एकत्र केली, तेव्हा कुठे एक हॉट डॉग आणि एक कोका-कोला घेता आला. तोही अर्धा अर्धा! जितकं जास्त धावावं तितका खिसा जास्त रिकामा, असा तो धंदा होता. वाचताना मला वाटलं, खरी बरोबरी अशीच येत असेल. कुणी भाषण करून देत नाही. भुकेच्या वेळी एकाच पावाचे दोन तुकडे करताना ती येते.

अपघात तर पाचवीला पुजलेले. नॉर्थ कॅरोलायनातल्या हिल्सबरोच्या ट्रॅकवर तिची गाडी अशी उडाली, की आपण विमानात बसलोय असंच तिला वाटलं. आकाशात त्या दिवशी खरोखरच विमानं घिरट्या घालत होती, त्यात आणखी एक! गाडीचा असा चोळामोळा झाला, की तिला बाहेर काढायला गॅसच्या ज्योतीनं पत्रा कापावा लागला. ३६ मिनिटं लागली. आपण एमआरआयच्या नळीत पंधरा-वीस मिनिटं काढताना देवाचा धावा करतो. ही त्या तापलेल्या पत्र्यात छत्तीस मिनिटं. कधी ४८ टाके, कधी डाव्या गुडघ्यात चार पिना. अंगातलं जवळजवळ एकेक हाड मोडून झालं, असा हिशेब ती स्वतःच द्यायची.

इथे मी थांबले. खोटं कशाला सांगू, मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की कशासाठी हे सगळं? पैसा नाही, घरच्यांची राजीखुशी नाही, हाडांचा भुगा. माझ्या सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, "सुखातला जीव दुःखात घालायची हौस!" पण मग वाटलं, हा प्रश्न मी बडी शुमनला विचारला असता का? कर्टिस टर्नरला विचारला असता का? त्यांचीही हाडं मोडत होती, त्यांचाही खिसा रिकामाच होता. पुरुषानं जीव धोक्यात घातला की ते धाडस, बाईनं घातला की घरदार विसरली. हा काटा माझ्याही मनात इतका खोल रुतलेला असेल, असं मला वाटलं नव्हतं.

लुईजनं १९५६ मध्ये शर्यती थांबवल्या. तोवर तिच्या नावावर ३८ विजय जमा होते, सगळे त्या धुळीच्या ट्रॅकवरच्या निरनिराळ्या गाड्यांच्या शर्यतींतले. ३८! गर्दी जमवायला बोलावलेल्या बाईचे.

पण तिच्या मागून दार उघडं राहिलं का? नाही. तिकिटं आता तिच्याशिवायही खपत होती. खेळात पैसा आला, मोठमोठे डांबरी ट्रॅक आले, मोटार कंपन्या आल्या, आणि बायका हळूहळू बाहेर गेल्या. बऱ्याच ट्रॅकवर बायकांसाठी मधल्या वेळात वेगळ्या शर्यती व्हायच्या. त्यांना नाव काय, तर 'पावडर पफ डर्बी'! म्हणजे तोंडाला पावडर लावायच्या त्या फुग्याचं नाव. एकीकडे सगळ्यांच्या बरोबरीनं धावलेल्या सारा, एथेल, लुईज, आणि दुसरीकडे नंतरच्या पोरींना हा पावडरचा डबा. इंडियानापोलिसच्या जगप्रसिद्ध ट्रॅकवर तर १९७१ पर्यंत बाईला पिटमध्ये, म्हणजे जिथे गाड्यांची दुरुस्ती होते तिथे, पाऊल टाकायलाही बंदी होती. मग ती पत्रकार असो नाहीतर गाडीची मालकीण.

नॅस्कारच्या मोठ्या ट्रॅकवर सर्वोच्च मालिकेत बाई दिसली ती थेट १९७६ मध्ये, जॅनेट गथ्री. शार्लटच्या ६०० मैलांच्या शर्यतीत ती पंधरावी आली. १९४९ मध्ये एकाच शर्यतीत तीन बायका होत्या, आणि मधली कित्येक वर्षं एखाद-दुसरी सोडली तर कुणीच नाही. आपण समजतो, काळ पुढे जातो तशा बायकाही आपोआप पुढे जातात. तसं काही नसतं हो. मिळालेली जागाही हातची जाते. पाचवा क्रमांक अजून पाचवाच का, याचं उत्तर हे आहे. वाट एकदा मोडली, की पुढचीला पुन्हा पहिल्यापासून पाडावी लागते.

लुईजचं काय झालं? तिला काही शर्यतीचं वेड सोडवेना. १९७१ मध्ये ती परत आली, या वेळी गाडीची मालकीण म्हणून. तरुण ड्रायव्हरांना तिनं गाड्या दिल्या, पाठबळ दिलं. त्यातला रॉनी थॉमस १९७८ मध्ये नॅस्कारचा सर्वोत्तम नवोदित ठरला. डार्लिंग्टनच्या ट्रॅकवर शर्यतीच्या निमित्तानं मुलींची सौंदर्यस्पर्धा व्हायची, तिची धुराही काही वर्षं, १९८९ पर्यंत, लुईजकडे होती. हे वाचून मला जरा कसंसंच झालं. जिच्या गुडघ्यात पिना, तिनं मुकुट घालणाऱ्या पोरींची व्यवस्था बघायची? पण नंतर वाटलं, आपण कोण नाक मुरडणार? तेव्हा ट्रॅकवर बाईला जेवढी जागा होती, तेवढी धरून ती तिथं राहिली. निदान त्या आवाजापासून, त्या पेट्रोलच्या वासापासून लांब तरी गेली नाही.

१९९९ मध्ये अलाबामातल्या टॅलाडेगाच्या इंटरनॅशनल मोटरस्पोर्ट्स हॉल ऑफ फेममध्ये लुईज स्मिथचं नाव लागलं. तो मान मिळवणारी ती पहिली बाई. तेव्हा ती ऐंशी ओलांडून गेली होती. १५ एप्रिल २००६ ला, वयाच्या ८९ व्या वर्षी ती गेली. २०१३ मध्ये डॅनिका पॅट्रिकनं डेटोनाच्या प्रसिद्ध ५०० मैलांच्या शर्यतीत सर्वात पुढच्या जागेवरून सुरुवात केली आणि आठवी आली. अशी जागा मिळवणारी ती पहिली बाई. तेव्हा जगभर तिचे फोटो छापून आले. त्याच डेटोनात, तिथून थोड्याच मैलांवर, सहासष्ट वर्षांची एक जुनी गोष्ट वाळूखाली पुरलेली होती. टपावर पडलेल्या एका नव्या फोर्डची.

निघायच्या आदल्या दिवशी लेकीला म्हटलं, मला तो ट्रॅक दाखव. ती म्हणाली, "आई, तिथं आता काय बघणार?" तरी घेऊन गेली. बाहेरूनच पाहिला. मातीचा राहिलेला नाही तो, केव्हाच डांबरी झालाय. मी कुंपणापाशी उभी राहिले आणि तिशीतली ती बाई डोळ्यांसमोर आणली. सगळे थांबलेत, लोक हातवारे करतायत, आणि ती आपली एकटी फिरतेय, कारण तिला लाल झेंडा कुणी दाखवलेलाच नाही.

आणि मग माझ्या लक्षात आलं, मलाही कुणी लाल झेंडा कधी दाखवला नव्हता. 'राहू दे गं' एवढंच तर म्हटलं होतं. थांबले ती मीच.

परत आल्यावर आमच्या कोपऱ्यावरच्या ड्रायव्हिंग क्लासला नाव घातलं. नवऱ्याला आधी सांगितलं नाही. (सवय!) कळल्यावर तो पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "गेटचा खांब तेवढा सांभाळ." इतक्या वर्षांनी खांब बरा आठवला!

शिकवणारा मुलगा माझ्या लेकीपेक्षाही लहान आहे. पहिल्या दिवशी मी घामानं नुसती निथळत होते. तो म्हणाला, "काकू, घाबरू नका. मी थांबा म्हणेन तेव्हा थांबायचं, तोपर्यंत चालवत राहायचं."

म्हटलं, चालेल बाबा. मला एवढंच सांगून ठेवायचं होतं कुणीतरी.